डावा दिवा

न केलेल्या खोडीसाठी बोलणी खायची वेळ करंटवर आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. आणि आपली बाजू मांडायची कशी हेच त्याला कळत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याने ती कधी मांडलीच नव्हती. पकडला गेला की दात काढायचे, एवढंच त्याला ठाऊक.

"काका, पुरे झालं आता. बंद कर ते," पुतणी फोनवर म्हणाली.

"काय बंद करू ते तर सांग. माझं एकाच वेळी बरंच काही चालू असतं."

"बाबांच्या ट्रॅक्टरचा दिवा."

करंटने फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि बरबटलेले हात चिंधीला पुसले. त्याचं दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल आणि छताला टांगलेली वायरींची भेंडोळी. मोटारी, ट्रक, चाकावर जे काही येईल त्याचं वायरिंग तो करून द्यायचा. धंद्यावरूनच त्याला हे नाव पडलं असणार, असं गिऱ्हाइकांना वाटायचं. खरी गोष्ट वेगळी होती. पोरवयात त्याने दुकानासमोरच्या लोखंडी बाकाला मोटारीची कॉइल जोडून ठेवली होती, आणि ज्याच्या हाताखाली तो काम शिकत होता तो मिस्त्री नेमका त्याच बाकावर चहा प्यायला बसला. मिस्त्री उठला, चहा उडाला, आणि पोराचं नाव कायमचं ठरून गेलं. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण बाकावर बसण्याआधी लोक अजून हात लावून बघायचे.

"अगं, त्या ट्रॅक्टरला मी हातसुद्धा लावलेला नाही," तो म्हणाला. "दादा गेल्यापासून मी त्या शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. शपथ."

"तुझ्या शपथेवर आजवर कुणी विश्वास ठेवलाय, काका?"

हेही खरंच होतं.

पुतणीने मग सगळं सांगितलं. बाबा गेले ते गेल्या थंडीच्या शेवटी. उन्हाळा गेला, पाऊस गेला, आई हळूहळू सावरत होती. मग यंदाची थंडी पडली आणि शेडमधल्या ट्रॅक्टरचा डावा हेडलाइट संध्याकाळी आपोआप लागायला लागला. लागतो, जरा वेळ जळतो, विझतो. बऱ्याच वेळाने परत लागतो. आई रोज अंधार पडायच्या आत शाल घेऊन समोर जाऊन बसते. जेवत नाही. खोकला छातीत उतरलाय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, ही थंडी जर अशी उघड्यावर बसून काढली तर पुढची बघायला मिळणार नाही.

"माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर म्हणते, हे रोज येतात, मी गेले तर कुणाकडे बघतील? काका, तिला वाटतं बाबा तिला डोळा मारतात."

करंटने चिंधी टेबलावर ठेवली.

दादा डोळा मारायचा. डावाच. करंटची खोडी म्हणजे दणदणाट, आरडाओरडा, सगळ्या गल्लीला तमाशा. दादाची तशी नव्हती. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. एकदा करंटने त्याच्या ट्रॅक्टरचा हॉर्न रिव्हर्स गिअरला जोडून दिला. दादा काही बोलला नाही. कित्येक महिन्यांनी करंटच्या स्कूटरचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. भर बाजारात ब्रेक दाबेल तिथे पों, आणि स्वतः वायरमन असून त्याला ती वायर सापडेना. शेवटी हात टेकून तो दादाकडे गेला, तेव्हा दादाने शांतपणे चहाचा घोट घेतला आणि फक्त एकदा डावा डोळा मिटला. बस. तेवढीच त्याची विजयाची मिरवणूक.

"तू केलं नसशील तरी केलंय असं सांग तिला," पुतणी म्हणाली. "शनिवारी मी गाडी घेऊन येते. तोवर तिच्या डोक्यातून हे गेलं नाही तर ती निघायची नाही. तुला काय, एवढं खोटं बोललायस, अजून एक."

"येतो," करंट म्हणाला, आणि पिशवीत टेस्ट लॅम्प, पक्कड आणि वायरीचं एक बंडल टाकलं. कुठेतरी वायर सोलली असणार, ओल धरली असणार. भूत वगैरे काही नसतं. असतं ते लूज कनेक्शन. हे वाक्य त्याने रस्ताभर स्वतःला तीन-चारदा ऐकवलं. ते एकदा ऐकून का पुरलं नाही, याचा विचार मात्र त्याने केला नाही.

दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याची शेड. वहिनी दारातच भेटल्या. वाळल्या होत्या. पण त्याला बघून डोळ्यांत जुनी चमक आली.

"या भावजी. चपला बाहेर काढा आणि हात वर करा. खिशात काय आणलंय आज? मागच्या वेळचा रबरी विंचू अजून माझ्या डब्यात आहे."

"काही नाही वहिनी. साधा माणूस झालोय मी आता."

"मग डॉक्टरला दाखवा."

चहा झाला. करंटने घसा खाकरला आणि ठरवून आणलेलं खोटं काढलं. "वहिनी, एक कबूल करायचं होतं. तो ट्रॅक्टरचा दिवा... ते माझंच काम. आपली गंमत. चुकलं."

वहिनींनी कप खाली ठेवला. "कधी केलंत?"

"तेच, आपलं... मागेच."

"आणि इतके दिवस तुमच्या पोटात राहिलं?" त्या हसल्या आणि हसता हसता खोकल्या. "भावजी, तुमच्या खोडीला तुम्ही स्वतःच फितूर होता. दारामागे लपता आणि आधीच फिदीफिदी हसता. हे म्हणायचे, याला बाँब ठेवायला सांगितला तर हा लोकांना बघायला बोलावील. माझ्या लेकीने शिकवून पाठवलंय ना तुम्हाला?"

करंटने दात काढले. तेवढंच करण्यासारखं होतं.

"चला," वहिनी शाल घेत म्हणाल्या. "वेळ झालीच आहे त्यांची."

शेडमध्ये डिझेलचा, गोणपाटाचा आणि कडब्याचा वास होता. ट्रॅक्टर मधोमध उभा, बॉनेटचा रंग उडालेला, दोन्ही भावांपेक्षा वयाने मोठा. दादाने तो भंगारातून आणून उभा केला होता. मडगार्डवर एका जागी पत्रा घासून आरशासारखा झाला होता. दादाचा हात तिथे असायचा. करंटने तिकडे बघायचं टाळलं. सीटवर एक दुमडलेली गोणी होती, आणि त्या गोणीवर माणूस बसून नुकताच उठल्यासारखा खळगा होता. गोणीवर खळगा राहतोच, त्याने स्वतःला समजावलं.

वहिनी उपड्या बादलीवर बसल्या. अगदी समोर, डाव्या दिव्याच्या रेषेत. बादलीखालची जमीन घट्ट झाली होती, इतक्या संध्याकाळी ती तिथे ठेवली गेली होती.

बाहेर उजेड चालला होता. पत्रा गार पडत होता आणि मधूनच टणत्कार करत होता, कुणीतरी वरून बोटाने टिचकी मारावी तसा. करंटला जांभई आली. ती अर्धी झाली असेल नसेल, तोच दिवा थरथरला. आधी काचेत नुसता तांबूस ठिपका, निखाऱ्यावर कुणी फुंकर घालावी तसा. मग पिवळा उजेड सरळ वहिनींच्या तोंडावर पडला. दुसरा दिवा मिटलेलाच.

वहिनींनी डोक्यावरची शाल सारखी केली. नवरा कामावरून आल्यावर करतात तशी.

"हं," करंट म्हणाला. "लूज कनेक्शन." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच दुसऱ्याचा वाटला.

तो उठून ट्रॅक्टरवर चढला. डॅशवरचा दिव्याचा स्विच बघितला: बंद. चालू करून परत बंद केला. दिव्याला त्याचं काहीच नव्हतं. मग त्याने फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. आत फ्यूज नव्हताच. दोन्ही जागा रिकाम्या, आणि मधल्या खाचेत कोळ्याने जाळं विणलेलं. फ्यूज नाही म्हणजे स्विचपर्यंत वीज यायला वाटच नाही. वाट नाही आणि दिवा जळतोय.

तो खाली उतरला, पुढे गेला. हेडलाइटच्या मागून जी वायर स्विचकडे जाते ती त्याने धरून ओढली. ती लगेच हातात आली. तिचं टोक सुटलेलंच होतं, त्यावर धूळ बसली होती. सुटलेली वायर हातात धरून करंट दिव्यासमोर उभा, आणि दिवा त्याच्या तोंडावर जळतोय, इतक्या जवळून की मिशीला ऊब लागावी.

त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. शॉक बसल्यावर राहतात तसे. पण शॉक तर बसलाच नव्हता.

आता एकच करायचं उरलं होतं: बॅटरीची वायर काढायची. दोन मिनिटांचं काम. सीटखाली हात घालायचा, नट सैल करायचा. करंट पाना घेऊन वाकला आणि तसाच राहिला. बॅटरी सोडवली आणि तरीही दिवा जळत राहिला, तर? तर पुढे काय करायचं?

तेवढ्यात दिवा विझला. हळू नाही, एकदम. पापणी मिटावी तसा.

"बघितलं तुम्हाला त्यांनी," वहिनी अंधारातून हळूच म्हणाल्या. "आज जास्त वेळ थांबले. तुम्ही आलात म्हणून असेल."

करंटच्या हातातला पाना निसटून जमिनीवर पडला. त्या आवाजाने तो इतका दचकला की ट्रॅक्टरच्या चाकालाच जाऊन चिकटला, आणि मग चाकाला चिकटलोय हे कळल्यावर आणखी दचकून लांब झाला. "उद्या," तो म्हणाला. "उद्या उजेडात बघू. उजेडात नीट दिसतं."

"तुम्ही घाबरलात, भावजी?"

"मी? छे. मला भूक लागली."

त्याला झोप अशी लागलीच नाही. पहाटे जरा डोळा लागतोय तोवर मागच्या शेडमधून आवाज आला: फट्... फट्... आणि मग धड्‌धड्‌धड्‌. ट्रॅक्टर चालू झाला होता. अंथरुणात करंट ताठ बसला. देवाचं नाव घ्यावं की दादाचं हे त्याला ठरवता येईना. शेवटी कोपऱ्यातला झाडू उचलून, अनवाणीच तो मागच्या दाराशी गेला. झाडूने भुताचं नेमकं काय करणार होता हे त्यालाही सांगता आलं नसतं.

शेडचं दार उघडं होतं. ट्रॅक्टर धूर सोडत थरथरत होता. आणि पुढे, दोन्ही हातांनी लोखंडी हँडल धरून, पदर कमरेला खोचून वहिनी उभ्या होत्या, धापा टाकत.

"वहिनी!"

"ओरडू नका, इंजिन बंद पडेल. रोज पहिल्या फटक्याला होत नाही."

"रोज? तुम्ही रोज हँडल मारून हा चालू करता?"

"हे गेल्यापासून. चहा होईस्तोवर चालू ठेवते. बॅटरीत पाणीही घालते, यांच्यासारखंच, शुद्ध पाणी, बाटलीतलं." त्या खोकल्या, ओंजळीत तोंड धरून, बराच वेळ. "झाडू कशाला?"

करंटने झाडू मागे लपवला. "का पण? चालू कशाला ठेवता?"

"बॅटरी उतरेल ना नाही तर."

"वहिनी, भूत बॅटरीवर चालतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भूत कशावर चालतं मला काय ठाऊक," वहिनी म्हणाल्या. "दिवा बॅटरीवर चालतो एवढं ठाऊक आहे. एका वायरमनची वहिनी आहे मी."

करंट तिथेच बादलीवर बसला आणि हसायला लागला. रात्रभर छातीवर बसलेलं काहीतरी त्या हसण्याबरोबर सुटून आलं. वहिनींनाही हसू फुटलं. पण हसू ओसरल्यावर त्याला दिसलं: हँडल मारून मारून त्यांच्या तळव्यांना घट्टे पडले होते, आणि ओठ निळसर झाले होते. ही बाई रोज पहाटे जीव काढून त्या दिव्याला खायला घालत होती. दिवा तिचं खात होता.

"आज मी हा सगळा उघडणार," तो म्हणाला.

"उघडा. पण मला सांगायचं. खरं काय ते. खोटं सांगितलंत तर मला कळतं."

ऊन आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते बॅटरी काढून बाहेर ओट्यावर ठेवण्याचं. या ट्रॅक्टरचं सगळंच उलटं होतं: बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. भल्याभल्यांना चकवा बसायचा; करंटलाही तरुणपणी बसला होता. आज तो एकेक वायर बोटांनी चाचपत गेला. बॅटरीच्या पेटीपाशी, पेटीच्या बुडाखालून निघालेली एक काळी वायर त्याला लागली. ती कुठल्याच हिशेबात बसत नव्हती. डिझेलच्या टाकीखालून, बॉनेटच्या कडेने, इतर वायरींच्या आवरणातच लपून ती पुढे गेली होती, आणि दिव्याच्या पोकळ दांड्यातून थेट आत.

बाहेरून दिसणारच नाही असं काम.

त्याने एका जोडापाशी आवरण फाडलं. आत टेप नव्हती. सायकलच्या ट्यूबची पातळ पट्टी तिरकी गुंडाळलेली होती आणि शेवटी दोऱ्याच्या दोन गाठी. करंट ती पट्टी अंगठ्याने नुसता चोळत राहिला. टेपवर दादाचा विश्वास नव्हता. टेप उन्हाने सुटते म्हणायचा. करंट त्यावर त्याला चिडवायचा, की बाबा तू वायर जोडतोस की पंक्चर काढतोस?

"दादा," तो पुटपुटला, "हलकटा."

मग त्याने डाव्या दिव्याची काच आणि रिफ्लेक्टर काढला. मागच्या वाटीत, बल्बला जवळजवळ टेकून, एक छोटीशी पितळी पट्टी स्क्रूने बसवलेली होती. इस्त्रीत असते ती. इस्त्री जास्त तापू नये म्हणून जी वाकून वीज तोडते, ती.

त्याने वहिनींना हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "ही माझी इस्त्री आहे! किती शोधली मी ती. म्हणाले भंगारवाल्याने नेली."

"बघा," करंट म्हणाला. पट्टी बोटाच्या टोकावर घेऊन त्याने दाखवलं. "गार पडलं की ही सरळ होते. टोकाला टोक लागतं, दिवा पेटतो. दिव्याने वाटी तापली की ही वाकते, टोक सुटतं, दिवा विझतो. परत गार, परत चालू. म्हणून उन्हाळ्यात काही नाही झालं. पत्र्याखाली गार पडतंय कुठे? थंडी आली आणि सुरू झालं."

वहिनी पट्टीकडे बघत होत्या.

"जाण्याआधी दोनच दिवस त्याने मला फोन केला होता," करंट सांगत होता. आता त्याचा आवाज चढला होता, डोळे लकाकत होते. कौतुकाने त्याला राहवत नव्हतं. "म्हणाला, हेडलाइटचं वायरिंग जुनं झालंय, संध्याकाळी येऊन नवीन कर. फ्यूज काढून ठेवलेत, म्हणाला. माझ्या हातात काम होतं, मी म्हटलं आठवड्याने येतो. बेत बघा त्याचा! मी यायचं, अंधार पडायचा, मी वायर सोडवून हातात धरायची, फ्यूजची डबी रिकामी, आणि ट्रॅक्टर मला डोळा मारणार! मी ठार वेडा होऊन पळत सुटणार, आणि हा तिकडे चहा पीत बसणार. काय डोकं! वर्षभर उशिरा, पण वहिनी, काल मी अगदी तसंच केलं. वायर हातात धरून उभा होतो. चाकाला चिकटलो होतो!"

तो हसत होता. आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो एकटाच हसतोय.

"म्हणजे ते तुमच्यासाठी होतं," वहिनी म्हणाल्या.

"अं?"

"डोळा. तुम्हाला मारत होते. मला नाही." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या, हिशेब जुळल्यावर बोलावं तसं. "मी रोज केस विंचरून जायची हो, भावजी. म्हातारपणी. म्हटलं, येतात तर बघावं त्यांनी नीट. आणि त्यांचा डोळा तुमची वाट बघत होता. मी आपली मध्येच जाऊन बसले होते."

आयुष्यात इतक्या लोकांना करंटने फसवलं, पण एवढं निखालस फसलेलं माणूस त्याने कधी बघितलं नव्हतं. आणि फसवणाऱ्याच्या मनात तिला फसवायचं नव्हतंच.

"वहिनी, तसं नाही..."

"खोटं सांगायचं नाही असं ठरलंय."

त्याने ती काळी वायर टाकीखालून ओढून बाहेर काढली. टाकीच्या पट्टीशी जिथे ती घासत होती तिथे आवरण करपून काळं झालं होतं, आतली तांब्याची तार उघडी दिसत होती. वर डिझेल. शेजारी कडब्याच्या पेंढ्या. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्यूज नावालाही नाही. एका संध्याकाळच्या खोडीला फ्यूज लावतो कोण? दुसऱ्या दिवशी काढूनच टाकायची होती ना ती. दादासारखा चोख माणूस, पण खोडीच्या घाईत तेवढं एक राहिलं होतं.

"हे बघा," करंट म्हणाला. "अजून थोडी घासली असती तर शेड पेटली असती. तुम्ही समोर बसलेल्या असताना."

वहिनींनी करपलेल्या जागेला बोट लावलं. बोटाला काजळी लागली. ती त्यांनी बराच वेळ बघितली आणि मग अचानक, मोठ्याने, ट्रॅक्टरच्या रिकाम्या सीटकडे बघून त्या बोलल्या: "अहो, अक्कल नाही तुम्हाला? घरात बायको आहे, शेडमध्ये कडबा आहे, आणि तुम्हाला चेष्टा सुचतात? आणि माझी इस्त्री! कपडे चुरगळलेले घालून फिरत होते मी, कपडे!"

मग त्या रडल्या. दादा गेला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, असं सगळे म्हणायचे. करंट पाठ करून उभा राहिला आणि उगाचच एक नट घट्ट करत बसला. तो आधीच घट्ट होता.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, "जेवायला काय करू, भावजी? मला भूक लागलीय."

त्या संध्याकाळी दोघं मुद्दाम शेडमध्ये बसले. बॅटरी परत जोडलेली होती, चोरवायर काढलेली. उजेड गेला, पत्रा टणटणला, गारवा खाली उतरला. दिवा लागला नाही. अंधार झाला तसा तो नुसता अंधार होता, आणि त्यात ट्रॅक्टर नुसता ट्रॅक्टर. करंटला वाटलं, कालची भीती बरी होती. काल इथे तिघं होते.

"अहो," वहिनींनी एकदाच हाक मारली. कुणीच ओ दिली नाही. त्या उठल्या, बादली उचलून भिंतीला लावली आणि आत गेल्या.

दुसरा दिवस करंटने वायरिंगमध्ये घालवला. जुनं सगळं काढून टाकलं. नवीन वायर, जाड, जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच, कुठे घासायला जागा ठेवली नाही. बॅटरीपासून निघाल्या निघाल्या एक मोठा फ्यूज, आणि पुढे प्रत्येक दिव्याला स्वतंत्र, म्हणजे रस्त्यात एक उडाला तरी दुसऱ्याच्या उजेडात घर गाठता यावं. ट्यूबची एक पट्टी मात्र त्याने खिशात टाकली आणि जोडांवर टेपच गुंडाळली. स्विच ओढला: दोन्ही दिवे. ढकलला: दोन्ही बंद. आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम त्याने त्या दिवशी केलं.

शनिवारी दुपारी पुतणी आली तेव्हा वहिनींची पिशवी दारात तयार होती. पुतणीने काकाकडे बघितलं. काकाने खांदे उडवले.

"खोटं सांगितलंस ना तिला?" ती कुजबुजली.

"खरं सांगितलं. पहिल्यांदाच केलं. परत करणार नाही, फार त्रास होतो."

वहिनी गाडीत पुढे बसल्या. खिडकीची काच खाली करून म्हणाल्या, "भावजी, ट्रॅक्टर तुम्ही न्या."

"मी? दुकानासमोर उभा तरी राहील का तो? मला काय करायचाय?"

"तुमचीच वाट बघत होता ना? मग न्या की." आणि आता त्यांच्या आवाजात ती जुनी धार होती. "आणि एक सांगू? यांनी स्कूटरचा हॉर्न दुरुस्त करून दिला तेव्हा तुम्ही खूश होऊन घरी गेलात. मग काय झालं?"

करंट आठवून गार पडला. दोन दिवसांनी स्कूटरच्या डिकीचं झाकण उघडलं होतं आणि हॉर्न वाजला होता.

"यांनी कधी एकच खोडी केली होती का हो?" वहिनी म्हणाल्या, आणि काच वर केली. गाडी वळली. त्यांनी शेडकडे बघितलं नाही, पण काचेतून दिसलं की त्या हसत होत्या.

करंटने उरलेली दुपार ट्रॅक्टर तपासण्यात घालवली. नवीन वायरिंग त्याने स्वतः केलं होतं, त्यात काही असणं शक्य नव्हतं. म्हणून मग त्याने सीट काढली, टूलबॉक्स उपडा केला, मडगार्डच्या आत हात घालून चाचपलं, डायनॅमो उघडून परत बसवला. काही नव्हतं. काही नसणं हेच तर दादाच्या खोडीचं लक्षण.

निघायला दिवेलागण झाली. हँडलच्या तिसऱ्या फटक्याला इंजिन धडधडलं. सीटवरच्या गोणीवर तो बसला; खळगा त्याला जरा मोठा होत होता. त्याने स्विच ओढला आणि दोन्ही दिव्यांनी समोरचा कच्चा रस्ता उचलून धरला, दगड न्‌ दगड.

पहिल्या खड्ड्याला त्याने श्वास रोखला. काही नाही. पुलावर ट्रॅक्टर दणदणला, तेव्हा त्याने स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. काही नाही. गारवा वाढत होता. हवेत धुकं उतरत होतं आणि दोन्ही दिव्यांचे झोत त्यात सरळ, शेजारी शेजारी, न हलता चालले होते. एका वळणावर त्याला वाटलं डावा जरा मंदावला. त्याने ट्रॅक्टर थांबवला, उतरला, समोर जाऊन उभा राहिला. दिवा त्याच्या तोंडावर जळत होता, बिनचूक, शांत, परक्या माणसासारखा.

"मार ना," करंट म्हणाला. आजूबाजूला कुणी नाही बघून जरा मोठ्याने म्हणाला, "अरे, आलोय ना मी. मार की एकदा."

दिव्याने पापणी हलवली नाही. हलणार कशी? जोड पक्के होते, फ्यूज योग्य मापाचा होता, वायर कुठेच घासत नव्हती. स्वतःच्या चोख कामाचा एवढा राग त्याला उभ्या आयुष्यात आला नव्हता. तो परत सीटवर चढला, गिअर टाकला, आणि डाव्या दिव्यावरून नजर न काढता चालवत राहिला.